पुसलेली रेघ
थिनरचा वास आला की माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट अजून आखडतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावरची जुनी देवळं साफ करायला आमचा गट दर रविवारी जायचा. एका उन्हाळ्यात देवळाच्या गुळगुळीत काळ्या भिंतीवर मला तांबड्या ऑइलपेंटची आडवी रेघ दिसली, आणि इतक्या जुन्या दगडावर रंग फासणाऱ्याला शिव्या घालत मी ती थिनरनं घासून पार काढली. तेवढ्यात नदीत म्हशी धुणारा एक म्हातारा वर आला. "हितली रेघ कुठं गेली?" त्यानं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, पुसली. तो भिंतीकडं बघतच राहिला. "माझ्या बानं मारलेली ती. पुराचं पाणी रेघंला लागलं की आमची अख्खी गल्ली म्हसरं घिऊन घरं सोडतीया." तो घरी जाऊन रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला, दोनतीनदा भिंतीला हात टेकवून बघितला, आणि माझ्याकडं वळला. "पावणं, पुसली तुम्ही, आता तुम्हीच दावा कुठं हुती." भिंत सगळीकडं सारखीच दिसत होती. माणसं जमली होती, म्हणून मी खात्री असल्यासारखं बोट टेकवलं, आणि त्यानं तिथंच रेघ ओढली. आता मी पुण्यात असतो. पावसाळ्यात तासातासाला फोनवर पंचगंगेची पातळी बघतो, आणि दर वेळी वाटतं, माझं बोट चार बोटं वर तर पडलं नव्हतं ना?