नाव नसलेल्या फायली

चाळीसगाव स्टेशनात गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात भाऊनं माझ्या दोन्ही बॅगा चढवल्या आणि मी डब्याच्या दारातून माझी हार्ड डिस्क त्याच्या हातात दिली. म्हटलं, "मायचे व्हिडिओ मोबाईलमधून यात भरत जा. मी आले की बघेन." माय मात्र एवढंच म्हणाली, "पोचनी की फोन कर." मी कॅनडाला निघाले होते.

भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे शाळेच्या प्रगतीपुस्तकावर पालक म्हणून त्याचीच सही असायची. धुळ्याला हॉस्टेलवर ठेवून मला इंजिनिअर केलं तेही त्यानंच. त्याचा शब्द मी कधी पडताळून पाहिला नाही.

तिकडे मी बर्फात चालायचे बूट घेतले, बसचा पास काढला, बॉसला नावानं हाक मारायला शिकले. दुसरं वर्ष लागलं तसे घरचे व्हिडिओ कॉल आखूड झाले. एका आठवड्यात तर मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा भाऊ म्हणाला, "माय झोपली शे." मला नवी नोकरी लागून महिनाच झाला होता. मीही फार विचारलं नाही. मग एकदम तो फोन आला. "माय गेली. अचानक झालं," भाऊ म्हणाला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपून तिसरा दिवस होता.

वर्षभरानं पुन्हा गेले तेव्हा डिस्क मागितली. भाऊ मान खाली घालून म्हणाला, "चुकून फॉरमॅट झाली. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, मी हो दाबलं." त्याचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्याची समजूत घातली.

तरी डिस्क घेऊन मी जळगावला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. मालक पन्नाशीचे मारवाडी गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, फॉरमॅट झालं म्हणजे माल गेला असं नाही. यादी फाटते, माल गोदामातच असतो. वरून दुसरं काही भरलं नाही ना? मग येईल. नावं तेवढी येणार नाहीत."

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. पडद्यावर नुसते आकडे असलेल्या शेकडो फायली होत्या. मी एकेक उघडू लागले. माय पापड उलटतेय, माय शेळीला रागावतेय. मी हसत होते. पुढच्या फायलीत माय दवाखान्याच्या पलंगावर होती. नाकात नळी, गाल आत गेलेले. ती थेट माझ्याकडे बघून बोलत होती.

"बेटा, मी दवाखानामा शे. तू ये. लवकर ये." मग मान वळवून, हे पाठवलंस का म्हणून विचारलं, "धाडं का रे तिले?"

मोबाईलच्या मागून भाऊचा आवाज आला. "धाडं ना, माय. तिनी तिकीट काढं."

अशा नऊ फायली होत्या. नावं गेली होती, पण व्हिडिओच्या पोटातल्या तारखा शाबूत होत्या. नऊ दिवस, रोज एक. शेवटच्या फायलीत ती माझ्याशी बोलतच नाही. भाऊला विचारते, "कव्हय येई ती?" भाऊ म्हणतो, "उद्या येई."

दुकानदारांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी सगळ्या फायली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या.

घरी येऊन मी भाऊसमोर लॅपटॉप ठेवला. त्यानं एकही गोष्ट नाकारली नाही.

"तुझी नोकरी नवीन होती. डॉक्टर म्हणे, बरी होईल. तुला सांगितलं असतं तर सगळं सोडून आली असतीस."

"हो, आले असते. ते मी ठरवायचं होतं, भाऊ."

त्यानं लॅपटॉप मिटला. मी तो पुन्हा उघडला.

"आणि डिस्क का पुसलीस?"

"तू ऐकशी म्हणून."

त्यानं वाईट हेतूनं काही केलं नाही, हे मला कळतं. म्हणूनच मला धड भांडताही येत नाही. पण माय गेली ती मुलीला निरोप पोचला आणि तरी ती आली नाही, असं समजून. हे आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाही.

माझ्यासारखे बाहेर पडलेले माझ्याशी सहमत होतील, मागे राहिलेल्यांना राग येईल. तरी सांगते: आम्हाला जपू नका. वाईट बातमी वेळेवर द्या. रडायचं, की विमानात बसायचं, ते आमचं आम्ही बघू.

भाऊशी बोलणं मी तोडलं नाही. मायनंतर माझं माणूस तोच. तो पावसाचं, कपाशीचं, पोरांच्या परीक्षांचं सांगतो. मग मी म्हणते, "कॅमेरा फिरव." तो मुकाट्यानं उठून ओटा दाखवतो, अंगण दाखवतो, वहिनी आणि दोन्ही पोरांचे चेहरे दाखवतो. पूर्वी घर मला नुसत्या सांगण्यावरून दिसायचं. आता मी चेहरे मोजून घेते आणि मगच फोन ठेवते.