बिनमीटरचं घर

लाइनमनच्या घरात चिमणी जळते, ही गोष्ट धामणगोट्याच्या लोकांनी आसपासच्या सात गावांत सांगून ठेवली होती. पाहुणा आला की जेवणं झाल्यावर त्याला मुद्दाम त्या बोळीतून फिरवून आणायचे. बाहेर खांबावर दिवा लखलखून राहिला आहे, आणि खांबाचा धनी आत ओसरीवर रॉकेलच्या उजेडात भाकर मोडतो आहे. पाहुणा हसला की गाव खूश.

हा धनी म्हणजे रूपराव. मूळचा नाचणगावचा, पुलगावच्या गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेला. बाप गिरणीत, मोठा भाऊ गिरणीत. यालाच कुठून खांबांचं वेड लागलं, कोण जाणे. वीज बोर्डात रोजंदारीवर हेल्पर लागला आणि नऊ वर्षं त्यानं खड्डे खोदले, खांब उभे केले, तारा ओढल्या. एकोणऐंशीच्या दिवाळीआधी इंजिनिअरसाहेबांनी बोलावून सांगितलं, "रूपराव, सिंदीकडं एक गाव रिकामं आहे. लाइनमनचं काम कर. रोजंदारीवरच, पण तीन वर्षं डाग न लागता काढलीस तर कायमची ऑर्डर देतो. एक ध्यानात ठेव, मुक्काम गावातच पाहिजे. सायकलीनं ये-जा चालणार नाही."

डाग न लागता. रूपराव सिंदीच्या टेसनावर उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच होतं. मुलूख तसा जिल्ह्यातलाच, पण त्याला सारा नवा. एक सोयरा नाही, एक ओळखीचं तोंड नाही. भाड्याची सायकल घेतली आणि निघाला खोली पाहायला.

गावात त्याची वाट पाहूनच राहिले होते. लाइनमन ज्या बोळीत राहतो तिथला फ्यूज आधी लागतो, हे कोणाला शिकवावं लागत नाही. भैयाजी गावातले मोठे असामी, त्यांच्या दारात सहा बैलजोड्या. त्यांनी माडीवरची खोली उघडून दिली.

"पंखा हाये पाह्यजा. बटन दाबलं का फिरते. भाड्याची गोठ नोका करू, तुमी आमचे, आमी तुमचे."

हे 'तुमचे-आमचे' ऐकून रूपराव सावध झाला. उद्या ट्रान्सफॉर्मरची डीपी जळली, तर आधी कोणाचा वाडा उजळायचा? तो हात जोडून खाली उतरला. मग ग्रामपंचायतीचा चपराशी त्याला कोंडवाड्यालगतच्या खोलीकडं घेऊन गेला. तिथंही दिवा होता, पण भिंतीपलीकडं पकडलेली ढोरं. चपराशी म्हणाला, "शेन वाळलं का वास येत नाई." रूपराव म्हणाला, "आन् वाळत नाई तवर?" चपराशी म्हणाला, "तवर येते."

तिसरं घर त्याला कोणी दाखवलंच नाही. गावाच्या शेवटी, वावराच्या अंगाला एक मातीचं घर दिसलं, म्हणून तो पाणी मागायला थांबला. बाईनं, आनंदाबाईनं, गडवा भरून दिला. तिचा नवरा नत्थूजी ओसरीवर दोर वळत होता. रूपरावनं सवयीनं वर पाहिलं. खांबापासून घरापर्यंत तार नव्हती. दारावर मीटर नव्हतं.

"लाइट नाई घेतली का?"

"कायले पाह्यजे? अंधार झाला का झोपाचं."

मागची दीड खोली रिकामी होती. रूपरावनं तिथंच उभ्या उभ्या ठरवलं. ज्या घराला वीजच नाही, त्या घरात राहिलो तर मला कोण म्हणेल, की तू वीज वाटून राहिला? नत्थूजीनं बोलावलं नव्हतं, आग्रह केला नव्हता. यातच त्याला खरेपणा दिसला.

कोकिळा, त्याची बायको, सामान उतरवताना दारातच थबकली. तिनं छत पाहिलं, भिंती पाहिल्या.

"बल्ब कुठी हाये?"

"नाई."

"तुमी लाइनमन हा नं? का मले फसवून आनलं?"

"तीन वर्षं काढ. मंग तुले कॉर्टर भेटते. त्याच्यात पंखाबी लावून देतो."

"तीन वर्षं चिमणीत भाकरी थापू अन् गावाचे दिवे मोजत बसू? बाप्पा!"

बोलली, पण राहिली. आणि घर खरंच चांगलं निघालं. दुसऱ्या वर्षी कोकिळेला मुलगी झाली तेव्हा माहेरी जायची सोय नव्हती. आनंदाबाईनं बाळंतपण केलं. महिनाभर तिच्या अंगाला तेल लावलं, बाजेखाली गोवऱ्यांची शेकोटी ठेवली. ती कोकिळेला 'बाई' म्हणे, कोकिळा तिला 'बाई' म्हणे. दोघींची पाठीला पाठ लावून धान निवडणं चाले आणि त्या ओघात कोकिळेनं पोटातलं सारं सांगून टाकलं. आपला नवरा अजून रोजंदारीवर आहे, ऑर्डर व्हायची आहे, तोवर बोट दाखवायला जागा द्यायची नाही, सारं. नत्थूजी रूपरावला 'रूपाभाऊ' म्हणे. तुरीच्या शेंगा उकडल्या की पहिला वाटा मागच्या खोलीत.

त्या पावसाळ्यात वादळानं तार तुटली आणि कोणाचा तरी गोऱ्हा चिकटून मेला. नत्थूजीच्या वावरावरूनही तारा जात होत्या. तो घाबरून आला.

"रूपाभाऊ, माह्या वावरात पडली तं?"

रूपरावला ते विचारणं बरोबर वाटलं. शेतकऱ्याला एवढं तर समजलंच पाहिजे. त्यानं नत्थूजीला वावरात उभं करून बोटानं दाखवलं. वरच्या तीन तारा जित्या. खालची मेलेली म्हणतात, पण तिच्यावरही भरवसा नाही. पडलेली तार हातानं उचलायची नाही, वाळलेल्या बांबूनं दूर सारायची. पायात रबरी चप्पल पाहिजे. बांबू कसा धरायचा, टोकापासून किती दूर धरायचा, हेही करून दाखवलं. नत्थूजीनं पोथी ऐकावी तसं ऐकलं.

नत्थूजीचा विहिरीवरच्या मोटारीच्या कनेक्शनसाठी अर्ज होता. दोन वर्षं झाली, नंबर लागत नव्हता. रूपरावनं स्वतः अर्ज सिंदीला नेऊन दिला, साहेबांना आठवण दिली, आणि नत्थूजीला सांगितलं, "माह्या हातात नाई. रांग हाये." नत्थूजी म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." पुढं गोठ्यात पोत्याखाली नागपूरची जुनी मोटार दिसली. "भेटली सस्त्यात म्हनून घेऊन ठेवली. मीटर आलं का बसवू." रूपरावला त्यातही काही वावगं दिसलं नाही.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात नत्थूजीनं दोन एकर गहू पेरला. दरवर्षी त्याचं डिझेलचं इंजिन फटफट करत गावाला कंटाळा आणायचं. त्या वर्षी ते गप होतं. गहू मात्र कमरेला लागला, हिरवाकंच.

"इंजिन आयकू येत नाई यंदा," रूपराव एकदा जेवताना म्हणाला.

"बिघडलं. तानबाच्या विहिरीचं पानी घेतो."

रूपरावनं पुढं विचारलं नाही. शेजारच्या वावरातल्या तानबाची विहीर पौषातच तळाला जाते, हे त्याला माहीत होतं. पण पुढ्यातला घास आनंदाबाईनं वाढलेला होता आणि मांडीवर पोरगी तिनंच धुतलेल्या लुगड्याच्या दुपट्यात निजली होती. त्यानं पाणी प्यायलं आणि उठला. नत्थूजीच्या वावराकडून जाणारी पायवाट त्यानं त्या दिवसापासून सोडली. म्हणायला लांब पडते म्हणून.

ऑर्डरीला नऊ महिने उरले होते तेव्हा भर दुपारी बोर्डाच्या भरारी पथकाची जीप आली. तक्रारीची चिठ्ठी कोणी टाकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. जीप गावात थांबलीच नाही, सरळ वावरात गेली. तीन जित्या तारांवर चोरीचे तीन आकडे, खाली वायर, वायरीच्या टोकाला ती नागपूरची मोटार. पाणी गव्हात चाललेलं. मोटारीच्या स्टार्टरपेटीशी वाळलेला बांबू टेकून ठेवला होता.

पंचनामा नत्थूजीच्या ओसरीवर बसला. रूपरावला बोलावलं. सारं गाव दारात.

पथकाच्या साहेबांनी नत्थूजीला विचारलं, "हे आकडे कोणी टाकले?"

नत्थूजी जमिनीकडं पाहत म्हणाला, "सायब, मी अडानी मानूस. कोनती तार जिती, कोनती मेली, मले काय समजते? आमचे लाइनमन घरातच राह्यते. त्याईनंच जोडून देल्लं."

सव्वादोन वर्षांत रूपरावसाठी नत्थूजीच्या तोंडातून 'रूपाभाऊ'शिवाय दुसरा शब्द निघाला नव्हता. रूपराव आधी त्या 'लाइनमन'मध्येच अडकला. बाकीचं त्याला मागून ऐकू आलं.

"नत्थूजी, काय बोलून राह्यले? माह्याकडं पाहून बोला."

नत्थूजीनं मान वर केली नाही.

"आकडे बांबूनं टाकलेत. बांबू कसा धरायचा, कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"त्याईनंच."

हे खरं होतं. रूपराव नाही म्हणू शकला नाही. साहेब त्याच्याकडं वळले.

"राहता कुठं?"

"इथंच. मांगच्या खोलीत."

"गावात दुसरी जागा नव्हती?"

"होत्या नं सायब. दोन. लाइटाच्या."

"आणि तुम्ही ही घेतली. बिनमीटरची."

"कोनाचा मिंधा नोको म्हनून घेतली."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, रोजचं काम करणारा माणूस हसतो तसे हसले. "घराला मीटर नाही, विहिरीला मीटर नाही, आणि लाइनमन घरात. दोन चांगल्या खोल्या सोडून. लिहा हो." कारकुनानं लिहिलं.

पंच म्हणून भैयाजी बसले होते. ते खोटं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी त्याईले पंख्याची खोली देऊन राह्यलो होतो. नाई म्हने. तवाच मले नवल वाटलं होतं." आणि सही केली. दारातून कोणीतरी म्हणालं, "म्हनून चिमणीत राह्यत होते बावा!" लोक हसले. ज्यांच्या बोळीत तो फ्यूज लावायला जेवणावरून उठून पळत गेला होता, तेच लोक.

सिंदीच्या इंजिनिअरसाहेबांना रूपराव ठाऊक होता. ते म्हणाले, "माझा विश्वास आहे रे. पण कागदाला नाही ना विश्वास. त्यानं एक ओळ लिहून दिली, की लाइनमनचा हात नव्हता, तर मी वर बोलतो. आठ दिवस थांबवून धरतो. मग हजेरीपटावरून नाव जाईल."

रूपराव थेट वावरात गेला. मोटार जप्त झाली होती, म्हणून डिझेलचं इंजिन पुन्हा फटफटत होतं. बिघडलेलं असं काहीच दिसत नव्हतं.

"इंजिन बंद करा!"

"काय?"

"बंद करा म्हनतो! बोलाचं हाये!"

"बंद केलं का मंग लवकर चालू होत नाई! बोला नं!"

म्हणून रूपरावला आपली नोकरी ओरडून मागावी लागली. एक ओळ लिहून द्या. माझा हात नव्हता एवढीच. नत्थूजी कानाला हात लावून ऐकत होता.

"लिवून देल्लं तं चोरी माह्या एकट्यावर येते! आता म्हंतेत दंड भरून सुटन! कोरटात नाई जात!"

"माही नोकरी जाते!"

"सरकारी नोकरी अशी जात असते का?"

"मी रोजंदारीवर हावो! तुमाले मालूम हाये! कोकिळेनं तुमच्या घरी सांगतलं हाये!"

नत्थूजीनं वाकून बांधाकडं वळलेलं पाणी फावड्यानं सरळ केलं. मग जवळ आला. एवढ्या जवळ, की ओरडायचं काम पडलं नाही.

"तुमी कायले जाता, रूपाभाऊ? राहा नं आमच्या घरी. भाडं नोको मले. जलमभर राहा. गावात वायरिंगचं काम भेटन तुमाले."

"घर देता, मंग एक ओळ देऊन टाका नं!"

"ते नाई होत."

रूपरावला वाटलं, याच्या गळ्याला धरावं. त्याऐवजी त्याच्या तोंडातून भलतंच निघालं. "मी पाह्यलं होतं. इंजिन बंद हाये, तानबाच्या विहिरीत पानी नाई. समजलं होतं मले. तरी बोललो नाई."

"मले मालूम हाये," नत्थूजी म्हणाला. त्याला नवल वाटलं नाही. "त्या दिवशी जेवताना तुमी इचारून गप झाले. म्हनून तं मले वाटलं, तुमाले चालते."

पाणी रूपरावच्या चपलेवरून वाहून गेलं. नत्थूजी पुढच्या सरीला लागला होता.

आठ दिवस झाले. ओळ आली नाही. नाव गेलं.

तानबानं बैलगाडी दिली. कोकिळेनं ट्रंक चढवली, पोरीला कुशीत घेऊन ती वर बसली आणि तिनं तोंड गावाच्या बाहेर केलं. आनंदाबाई ओसरीवर दोन ताटं वाढून उभी. पोळ्या गव्हाच्या, वरून तूप.

"जेवून जाजा भाऊ," ती म्हणाली. "बाई, उतरा वं. पोरगी उपाशी जाईन."

कोकिळा उतरली नाही. रूपरावनं ताटाकडं पाहिलं, आनंदाबाईकडं पाहिलं. तिला किती माहीत होतं, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. नत्थूजी घरात नव्हता, की आतच होता, कळलं नाही. रूपराव गाडीच्या मागच्या कडेला बसला आणि तानबाला म्हणाला, "हाक."

सिंदीच्या टेसनावर पुलगावची गाडी दोन तास उशिरा होती. रूपरावनं आलूबोंडे आणले. कोकिळेनं एक मोडून पाहिला.

"थंडे हाये," ती म्हणाली.

"खाय," रूपराव म्हणाला.