आईची गोष्ट एका वाक्यात

पटकथेच्या ऑनलाइन वर्गात आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, लॉगलाइन जमली नाही तर पुढची शंभर पानं मी वाचणार नाही. लॉगलाइन म्हणजे अख्ख्या सिनेमाची गोष्ट एका वाक्यात. माणूस कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय आणि ते आत्ताच का हवंय, एवढं त्यात आलं पाहिजे. मला वाटलं, हा तर हातचा मळ.

माझी गोष्ट आईची होती. बाबा नोकरीभर मुंबईत चाळीतल्या एका खोलीत आणि आई चिपळूणजवळच्या आमच्या गावात, शेत, गुरं आणि आम्हा भावंडांना सांभाळत. गुरं टाकून ती जाणार कुठे? सणासुदीला बाबाच यायचे. मी लिहून पाठवलं, 'नवऱ्याची आयुष्यभर वाट पाहणाऱ्या कोकणातल्या एका स्त्रीची हृदयस्पर्शी कहाणी.' सरांनी उलट लिहिलं, हृदयाला स्पर्श झाला की नाही ते प्रेक्षक बघतील, बाईला हवंय काय? मला रागच आला. वाट बघणाऱ्या बाईला दुसरं काय हवं असणार? मग मी वाक्यात समुद्र घातला, जो आमच्या गावातून दिसतही नाही. लाल माती घातली. एकदा तर नियतीही घातली. सरांचा प्रश्न काही बदलेना.

शिमग्याला रत्नागिरीहून गावी गेले तीही लॅपटॉप काखोटीला मारूनच. बाबा निवृत्त होऊन आता गावीच होते. जेवताना ते म्हणाले, चाळ पाडायला घेतायत, पालखी झाली की मुंबईला जाऊन खोली रिकामी करून द्यायला हवी. आईने विचारलं, मी पण येऊ का? त्या खोलीत बघण्यासारखं काय आहे, म्हणाले बाबा. आईने पुन्हा विचारलं, ते पुन्हा नको म्हणाले. मग तिने सगळ्यांना भात वाढला. मी ताटाशेजारी फोन ठेवून 'नियती'ला दुसरा शब्द शोधत होते.

दुसऱ्या दिवशी गावदेवीची पालखी आमच्या अंगणात आली. आईने देवीची ओटी भरली, नारळ पुढे ठेवला. मग गाऱ्हाणं. घरच्यांचं जे मागणं असेल ते गावचा मानकरी मोठ्याने देवापुढे मांडतो आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. देवापुढे एकदा म्हटलं की त्यातून माघार नाही. आमच्या घरचं मागणं ठरलेलं, पोरांना यश दे, गुरांना सुखी ठेव. मानकरी म्हणजे नात्याने माझे काका. त्यांनी आईपाशी कान नेला. आई दरवर्षीपेक्षा जरा जास्तच वेळ बोलली. काकांनी एकवार बाबांकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकीचा घरधनी ज्या खोलीत सारी उमर ऱ्हायला ती खोली हिनं कदी बघितली नाय, आता ती पाडतायत, तर पडायच्या आत ती हिला एकदा बघू दे, नि घरधनी नको म्हनतोय त्येचं मन वळव रे म्हाराजा."

सरांनी मागितलेलं सगळं त्या एका दमात आलं होतं. पण खरी थक्क झाले ते आईकडे बघून. पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून ती उभी होती, रोजच्यासारखीच. आपण इकडे राबत असताना आपला माणूस तिकडे कसा जगला, कुठल्या भिंतीला पाठ लावून झोपला, हे तिला बघायचं होतं. किती वर्षांपासून, देव जाणे. एवढं मोठं मागणं पोटात ठेवून ती काल आम्हाला भात वाढत होती. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

सगळं अंगण 'व्हय म्हाराजा' म्हणालं. बाबा तेवढे गप्प. काका पुढचा शब्द बोलेनात. पालखी खांद्यावर खोळंबलेली, ढोलही थांबलेला. सगळे बाबांकडे बघायला लागले आणि आई नारळाकडे. शेवटी बाबा म्हणाले, "व्हय म्हाराजा."

दुपारी मी काकांचं वाक्य जवळपास जसंच्या तसं टाइप केलं, 'घरधनी'च्या जागी 'नवरा' एवढाच काय तो बदल, आणि सरांना पाठवून दिलं. त्यांचं उत्तर लगोलग आलं. जमलं, आता पुढे सांगा, बाईला खोली बघायला मिळते का?

मी उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात पडवीतून बाबांचा आवाज आला. ते आईला विचारत होते, "तुला गाडी लागते काय गो?"

आई म्हणाली, "काय म्हाईत. येवढ्या लांब कदी गेलेय मी?"