खोबणीतला पाहुणा

मला त्या ट्रिप्सिनचा मनापासून राग यायचा. पोटातलं हे एन्झाइम प्रथिनं कापतं ते ठीक, पण कुपीत एकटं ठेवलं की मेलं स्वतःलाच कापत सुटतं. त्याच्या अंगावर एक खोबण असते आणि सगळी कापाकापी तिथेच चालते. माझा छोटासा रेणू त्या खोबणीत जाऊन बसला की काम बंद. तो बसलेला डोळ्यांना दिसावा म्हणून दोघांचा मिळून स्फटिक वाढवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि संगणकावर त्यातल्या अणूंचा नकाशा काढायचा. फेलोशिप संपायला वर्षच उरलं होतं. प्रबंधाचं हे शेवटचं प्रकरण जमलं नसतं तर चेन्नईतली पाच वर्षं पाण्यात गेली असती.

आणि स्फटिक तरी सरळ वाढावेत! कधी साखरेचा चुरा, कधी सुयांचा झुपका, कधी नुसताच गढूळ थेंब. तिरुवल्लिकेणीत मी ज्यांच्या माडीवर राहायचे त्या मालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. रोज सकाळी जिन्यात अडवून विचारायच्या, "काय गे, बसला की तुझा पाहुणा?"

"नाही मामी," म्हणत मी चरफडत बस गाठायचे.

आठ महिन्यांनी एक धड स्फटिक मिळाला. नकाशात खोबणीच्या तळाशी चक्क एक गोळा! माझ्या रेणूला दोन कडी आणि एक शेपूट, नकाशात मात्र एकच कडं. शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. पण आमच्या धंद्यात एक तयार सबब असते: उरलेला भाग हलत असतो, म्हणून दिसत नाही. मी तीच लिहून टाकली. मामींनी आनंदाने केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, केली.

माझ्या गाइड सरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "स्फटिकांची कृती कुणाची?"

"जुन्या सीनियरची." प्रत्येक लॅबमध्ये अशी एक झेरॉक्स असते आणि तिला कुणी प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'नेहमीच्या बाटलीतले दोन थेंब'.

"त्या बाटलीत काय असतं?"

"ट्रिप्सिनने स्वतःला खाऊ नये म्हणून बेंझामिडीन..." मी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. बेंझामिडीन म्हणजे एकच कडं. ते नेमकं त्याच खोबणीत बसतं, म्हणून तर ट्रिप्सिन गप्प राहतं. सर रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी ओरडता आलं असतं.

मग बाटली बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून. चेन्नईत स्वेटर घालून थंड खोलीत घाईघाईने थेंब लावले, ट्रिप्सिनने स्वतःला संपवायच्या आत. दोन स्फटिक हाती लागले. दोन्हींच्या खोबणीत पाण्याशिवाय काही नाही.

"बसत नाही, असं लिही," सर म्हणाले. "तेही प्रकरणच आहे."

मी लिहिलं. रडत लिहिलं, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मामी जिन्यात उभ्याच. "बसला की?"

"नाही, मामी. तो कधी बसलाच नव्हता."

"अय्यो! मग केसरी केली तेव्हां आंत कोण होता?"

"दुसराच होता. मीच दर वेळी माझ्या हाताने नेऊन बसवत होते."