अंगाला लावायची खीर

प्रज्ञा गेल्याचं तिच्या आईनं, मावशींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी हडपसरच्या चौकात कंपनीच्या बसमध्ये अडकलो होतो. "गेली रे आपली प्रज्ञा," एवढंच मावशी म्हणाल्या आणि फोन बंद करायचा विसरल्या... मागे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मीही तो बंद केला नाही. बस जागची हलत नव्हती आणि उतरून चालू लागावं एवढंही मला सुचत नव्हतं. थोड्या वेळानं ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी 'देवाज्ञा झाली' असं टाकलं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या अवस्थेतही मला राग आला. प्रज्ञाच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच त्या घरातला देवाचा विषय मिटला होता, मग आज्ञा कुणाची? हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "पंडितजी, इथं माणूस मेलंय आणि तुम्ही चुका कसल्या काढताय?" पण ते म्हणायला आता ती नव्हती. बसमध्ये बसल्या बसल्या मला तेव्हा ते पहिल्यांदा कळलं.

'पंडितजी' हे नाव तिनंच मला ठेवलं होतं, आणि ते कौतुकानं नव्हतं. आम्ही एकाच कंपनीत एकदमच लागलो. पुण्यात नव्यानं काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि ज्याला त्याला आपण अमेरिकेला जाणार असं वाटत होतं, तेव्हाची गोष्ट. माझ्या घरी तंबोरा. वडिलांच्या ओळखीचे गवई येऊन गायचे आणि आम्ही मुलांनी हूं की चूं करायचं नाही. प्रज्ञा माझ्या शेजारच्या टेबलावर, कानात वायरी खुपसून, प्रोग्रॅममधल्या चुका शोधता शोधता मान हलवत बसायची. एकदा तिनं एक वायर माझ्या कानात दिली. केबल नवी नवी घरात आली तेव्हा चमचमतं जाकीट घालून टीव्हीवर उड्या मारत गाणारी एक बाई होती, तिचं गाणं. बाईंचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक हसतील, आणि ते प्रज्ञाला खपलं नसतं.

"हिला सूर लागतो का?" मी विचारलं. आमच्या घरात माणसाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारत.

"कधी कधी नाही लागत," ती म्हणाली. "मग? तिच्याशी लग्न करायचंय तुला? अरे, सूर पक्का असता तर तुमच्याकडे सतरंजीवर मांडी घालून बसली असती ती. माझ्यापर्यंत कशाला आली असती?"

यावर मी नाक मुरडलं. मग वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, परदेशातून रात्रपाळीचे फोन चालत तेव्हा मधल्या वेळात. ऑफिसातली मुलंही त्या बाईंची नक्कल करून दाखवायची, आणि प्रज्ञा एकटी सगळ्यांना पुरून उरायची. बाईंचं लग्न मोडलं तेव्हा, आवाज बसला तेव्हा, कार्यक्रमात नुसते ओठ हलवताना त्या पकडल्या गेल्या तेव्हासुद्धा. "ताप होता तिला," असं प्रज्ञा अशा ठामपणे सांगायची की जणू थर्मामीटर हिनंच लावला होता. एकदा येरवड्याला तिच्या घरी चहा घेताना मी विचारलं, अगं, एवढं काय आहे त्या बाईत? ती म्हणाली, "माझे पप्पा भीमगीतांच्या कार्यक्रमाला रात्र रात्र बसायचे. मलाही न्यायचे. ते गाणं मोठंच आहे, ते माझ्या रक्तातच आहे. पण पप्पांनाही ही बाई आवडायची नाही, आणि तुलाही नाही. घरातून मला सगळं चांगलंच मिळालं रे. ही एवढी एक मी स्वतः निवडली."

तसाच तिनं निवडला तो सेंट. कंपनीनं तिला पहिल्यांदा परदेशी पाठवलं, ऐन थंडीत, एकटीला. येताना तिनं विमानतळावरच्या दुकानातून एक बुटकी तपकिरी बाटली आणली. आटवलेलं दूध, किंचित करपलेली साखर आणि वर भाजक्या बदामासारखं काहीतरी. ती लिफ्टमध्ये शिरली की लोक विचारायचे, कुणी बिस्किटाचा पुडा फोडला का? मी म्हणालो, "बायका मोगरा लावतात, गुलाब लावतात, तू मिठाईचं दुकान लावून आलीस." ती म्हणाली, "फुलांच्या वासानं मला लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं होतं. हा लावला की घरी कुणीतरी जेवायचं थांबलंय असं वाटतं." तिकडच्या खोलीत संध्याकाळी चारलाच अंधार पडायचा आणि तिला बुद्धपौर्णिमेची आईची खीर आठवायची. खीर नव्हे, पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड, जी घरात फक्त हिलाच लागायची. बाटलीत नेमकं तेच होतं, असं तिचं म्हणणं. मावशींनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खीर खायची असते बाई. अंगाला कसली लावतेस?" पण त्या हसत होत्या. तेव्हा हे सगळं हसण्यावारीच जात होतं.

मग प्रज्ञाच्या पोटात दुखायला लागलं. ॲसिडिटी असेल म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलं, तिनंही. असेल, असेल करता करता जे निघालं ते निघालं... औषधं सुरू झाली आणि तिला वास सहन होईनात. वरणाचा, चहाचा, गरम पोळीचा, कशाचाच. स्वयंपाकघरात मोहरी तडतडली की इकडे ती तोंडावर हात धरून उठायची. मावशी हट्टानं करत राहायच्या. पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील... वाटी घेऊन जायच्या आणि तशीच भरलेली घेऊन यायच्या. फक्त त्या तपकिरी बाटलीच्या वासानं तिला मळमळत नसे. रुमालावर एक थेंब टाकायची, नाकाशी धरायची आणि डोळे मिटून पडून राहायची. जेवल्यासारखी.

एका दुपारी मी तिथंच होतो. वाटी परत आली आणि रुमाल नाकाशी गेला, तेव्हा मावशींचा बांध फुटला. "माझ्या हातचं नको आणि बाटलीतलं चालतं? मी इथं मरमर मरते आणि ही वास हुंगून पोट भरते!" मला वाटलं, आता दोघी रडणार. प्रज्ञा रडली नाही. ती हळूच म्हणाली, "आई, तुझ्या हातचं मला आवडायचं गं. ते समोर आलं आणि नको झालं की माझं मलाच सहन होत नाही. बाटलीत तुझ्या खिरीचा नुसता वास आहे, तो काही खायचा नसतो. तो नको म्हणायची वेळच येत नाही, म्हणून तो चालतो." मावशी वाटी घेऊन आत गेल्या. त्या दिवसापासून त्या घरात फोडणी बंद झाली. मावशी उकडलेलं खाऊ लागल्या, भात आणि वाफवलेली भाजी, वर मीठ. याची त्यांनी कुठं वाच्यता केली नाही. मला कळलं तेही घरात कसलाच वास येईना म्हणून.

त्याच सुमाराला त्या बाईंचं बऱ्याच वर्षांनी नवं गाणं आलं. लोक तुटून पडले. वय काय, कपडे काय, हे वय आहे का नाचायचं. मी रविवारी गेलो तेव्हा प्रज्ञानं ते मला ऐकवलं. मनगटं एवढीशी झाली होती तिची. फोन दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

"छान आहे," मी म्हणालो. "खरंच छान गायलीय."

तिनं रुमाल बाजूला केला. "काय म्हणालास?"

"छान म्हणालो."

"आजवर तू तिला एक सूर दिला नाहीस आणि आज छान? का, मी मरतेय म्हणून?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. डॉक्टर गोड बोलतात, नर्स शाब्बास म्हणते, पाहुणे म्हणतात चेहऱ्यावर तेज आलंय. तेज! आता तूही त्यांच्यात जाऊन बस. माझ्याशी कुणी खरं बोलणारच नसेल तर मी आत्ताच गेले असं समजा ना!"

मी चिडलो. बरं झालं चिडलो. "अंतऱ्यात घसरलीय ती," मी म्हणालो. "सपशेल. आणि आवाज मशिनवर ओढून ताणून सरळ केलाय, कडक इस्त्री मारल्यासारखा."

"हां!" प्रज्ञा उशीला टेकून बसली. "आता कसं! अंतऱ्यात घसरली, मान्य. पण घसरून पुढं काय केलं ते ऐकलंस का? नाही ऐकलंस, तोवर तू कान मिटून घेतलेस." तिनं तो तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. दम लागेपर्यंत ती माझ्याशी भांडली. शेवटी म्हणाली, "सगळे तिला म्हणतायत, पुरे आता. आणि ती पुरे करत नाहीये. एवढं तरी कबूल कर, पंडित." मी कबूल केलं, कारण ते खरं होतं. त्यानंतर भांडण करण्याइतकी ताकद तिच्यात कधी आली नाही.

ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गर्दीत मागे बसलो होतो, मावशींशी बोलणं झालं नाही. गेल्या आठवड्यात गेलो. जिना चढलो तर मावशी शेजारच्या भाभींच्या दारातून बाहेर येत होत्या, हातात झाकलेलं पातेलं, आणि त्यातून लसणाच्या फोडणीचा घमघमाट. मला पाहून त्या ओशाळल्या.

"गॅस बिघडलाय का मावशी?" मी विचारलं.

"गॅसला काय धाड भरलीय? चांगला आहे." त्यांनी पातेलं बाहेरच, पायरीवर ठेवलं आणि दार उघडलं. आत सगळ्या खिडक्या बंद. प्रज्ञाची उशी, तिची गोधडी, पडदे, काहीही धुतलेलं नव्हतं. "तिचा वास आहे रे घरात," त्या म्हणाल्या. "एक फोडणी पडली की जाईल तो. म्हणून भाभींकडे करते." आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "येतोय ना तुला?"

मी आत शिरलो. पडद्याजवळ गेलो, गोधडी नाकाशी धरली. बंद खोलीचा वास होता, औषधाचा होता. दूध नव्हतं, साखर नव्हती. 'येतोय' म्हणायला काय जात होतं माझं? तोंडावर आलाही होता तो शब्द...

"नाही येत, मावशी."

त्या खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "मलाही येत नाही. बरेच दिवस झाले. म्हटलं, माझंच नाक गेलं असेल." पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. कढई ठेवल्याचा आवाज झाला. तेल तापलं, मोहरी तडतडली आणि बघता बघता मिरचीचा तिखट धूर घरभर पसरला. दोघंही ठसकायला लागलो.

मी खिडकी उघडायला वळलो.

"नको," मावशी आतून म्हणाल्या. "आजच्या दिवस बंदच राहू दे."