जाब विचारायला बोरवाडीहून सांगलीला

या प्रवासाला मी रागाने निघाले, हे आधीच सांगते. ज्यांना धुकं आणि थंड हवा हवी आहे त्यांनी पाचगणीचं काहीतरी वाचावं.

सातारा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या वाड्यांतून मी चोवीस वर्षं शाळा चालवल्या. नवरा गेला, मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले, आणि तेव्हापासून जिथे जायला कुणी तयार नसे ती वाडी माझ्या वाट्याला. शेवटची बोरवाडी, शिरवळच्या वर, डोंगरात. सात वर्षं खपून तिथे मुलींची शाळा उभी केली. पटावर एकोणीस मुली होत्या. लढाईच्या दिवसांत एका सकाळी कागद आला: ‘प्रत्यक्ष तपासणी केली असता शाळेत एकही मुलगी आढळली नाही. शाळा बंद करावी.’

प्रत्यक्ष तपासणी! तपासनीस साहेब शिरवळच्या बंगल्यावर उतरले, कोंबडी जेवले आणि परत गेले, हे अख्ख्या शिरवळला ठाऊक होतं. बोरवाडीला चढायला दोन तास लागतात. साहेब एक पाऊल चढले नव्हते.

दुपारी येसूबाई आली. तिची हौसा माझी सगळ्यात हुशार मुलगी.

“बाई, साळा बंद हाय म्हनं? हौसा सकाळधरनं रडतीया. चौथीला बसायची हुती की.”

“मी साताऱ्याला जाते. साहेबांना विचारते.”

“एकटी? आवं, लय लांब हाय!” असं म्हणत तिने चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधूनही दिली. मी हजेरीपट पिशवीत घातला आणि उतरले.

शिरवळहून साताऱ्याला सर्व्हिस मोटार जाते. किती वाजता, ते विचारू नका. भरली की सुटते. पेट्रोल सगळं लढाईला गेलेलं, त्यामुळे मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. मागच्या बाकावर बसू नका, लुगडं काळं होतं. खंबाटकीच्या घाटात मोटारीने दम टाकला आणि ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं. पुरुष ढकलत होते, आम्ही बायका चालत होतो. पन्नाशीला टेकलेली मी घाट पायी चढत होते आणि प्रत्येक वळणावर साहेबांचा जेवणाचा बेत आठवून माझे पाय आणखी भरभर पडत होते.

साताऱ्यात शाळाखात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, “साहेब सांगलीला गेलेत. शिक्षकांचं संमेलन आहे. अध्यक्ष आहेत ते.”

“विषय काय?”

“स्त्रीशिक्षण.” मग त्याने वर पाहिलं. “अर्ज ठेवून जा, बाई.”

“अर्ज कुठे जातात ते मी चोवीस वर्षं बघते आहे,” म्हटलं आणि बाहेर पडले.

सांगलीला रेल्वेने जाणार असाल तर लक्षात ठेवा, सातारा रोड स्टेशन साताऱ्यात नाही. दहा मैल लांब आहे. तांगेवाला वाटेत मुक्काम करायचा असल्यासारखा रमतगमत नेतो. पुढे मिरजेला गाडी बदलायची. थर्ड क्लासात रजेवर आलेला एक जवान शेजारी होता. मी मास्तरीण आहे म्हटल्यावर त्याने खिशातून घडी पडून फाटत आलेलं पत्र काढलं.

“एवढं वाचा की, बाई. पल्टनीत अक्षरं शिकलो, पर ती इंग्रजी.”

पत्र त्याच्या बायकोचं होतं, पण अक्षर दुसऱ्याच कुणाचं. सगळे खुशाल, म्हैस व्याली, काळजी नसावी. दुसरं काही नाही.

“एवढंच?” तो म्हणाला. मग स्वतःच हसला. “पाटील लिवून देतो. त्येच्यासमोर ती काय सांगनार?”

मी पत्राची घडी घालून त्याच्या हातात दिली.

सांगलीच्या पेठेत पाऊल ठेवलं की हळदीचा वास नाकात बसतो. खाणावळीत आमटी झणझणीत आणि भाकरी गरम मिळाली, पण एकटी बाई म्हणून मला मागच्या पडवीत बसवलं. जेवले आणि तडक संमेलनाच्या मंडपात गेले.

साहेब बोलत होते. डोंगरकपारीतल्या मुलींपर्यंत ज्ञानाचा दिवा नेला पाहिजे, टाळ्या. भाषण संपताच मी उभी राहिले.

“साहेब, मी बोरवाडीची शिक्षिका. आपण माझी शाळा प्रत्यक्ष तपासलीत. वाडीला चढताना ओढा लागतो, तो कोणत्या हाताला?”

“बाई, ही ती वेळ नव्हे.”

“एका शब्दाचं उत्तर आहे.”

साहेबांनी घाम पुसला. “उजव्या हाताला.”

“त्या वाटेवर ओढाच नाही, साहेब. पाणी खालून वाहून न्यावं लागतं, म्हणून माझ्या मुली उशिरा येतात. पण येतात. हा घ्या हजेरीपट.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी “बसा, बसा” म्हणून ओरडलं. शेजारच्या मास्तरणीने माझा पदर ओढला. “नोकरी जाईल, बाई.” मंडपात दोनशे तरी शिक्षक असतील, अर्ध्यांनी तरी असले खोटे शेरे वाचलेले असणार. एकही उठला नाही. साहेबांपेक्षा त्यांचा राग मला आजही जास्त येतो.

महिन्याभरात दोन कागद आले. पहिला: बोरवाडीची शाळा चालू ठेवावी. वाडीत गूळ वाटला. दुसरा: शिक्षिकेचे वर्तन उद्धट, सबब बदली. मला जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं आणि बोरवाडीला शिरवळात राहणारे एक मास्तर नेमले.

परवा येसूबाई दोन दिवसांची वाट करून माझ्याकडे आली. मास्तर एकदाच वर आले म्हणे, पट घेऊन गेले. आता शिरवळात बसून रोज एकोणीस जणी हजर मांडतात. साहेबांचा नवा शेरा आहे: शाळा उत्तम. हौसाचं लग्न ठरलं आहे.

“तुमी भांडला नसता तर साळा बंद तरी झाली असती,” येसूबाई म्हणाली. “बंद झालेली परत मागता येती. आता हाय म्हनत्यात आन् न्हाई. ती कुनाकडं मागायची?”

मी चूल पेटवली. भाकरी टाकली, तिला जेवू घातलं. ती पाठमोरी झाल्यावर हे लिहायला बसले. तुम्ही कधी शिरवळला उतरलात तर बोरवाडीला चढून या. वाट सोपी आहे, पाणी मात्र बरोबर घ्या. सकाळी दहाच्या सुमाराला पोचा, म्हणजे शाळेच्या वेळेत शाळेचं कुलूप बघायला मिळेल.