वडिलांच्या फोटोला हार

फोटोतलं धरण खरं होतं, माणूस मी बनवलेला. वडिलांना मळकं धोतर नेसवलं, मुंडासं बांधलं, काढलेला फोटो चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला आणि खाली लिहिलं, ‘धरणाच्या कामावर दगडाखाली गेलेला मजूर’. खऱ्या इतिहासात असा खोटा माणूस घुसवायचा, हीच माझी कला.

गंगापूर रोडवरच्या प्रदर्शनात वडिलांना कौतुकाने घेऊन गेलो, तर त्या फोटोला झेंडूचा हार! जिवंत माणसाच्या फोटोला! माझं डोकंच फिरलं. हार ओढायला धावलो, तशी पेठ तालुक्यातून आलेली एक म्हातारी आडवी आली.

“माझा बा असाच गेला,” ती म्हणाली. “त्याचा फोटू नाय आमच्याकडं. राहू दे.”

हे सगळं खोटं आहे, तो माणूस हा काय इथं उभा आहे, असं मी तिला सांगणारच होतो. वडिलांनी माझा हात दाबला. मग चपला काढून त्यांनी स्वतःच्याच फोटोला नमस्कार केला.

त्यानंतर मी त्यांचा एकही फोटो काढलेला नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांच्याआधी हारच दिसतो.